ओला ब्रश

तुळजाबाईचं हसणं धावड्यात सगळ्यांनी ऐकलेलं होतं, बघितलेलं कुणी नव्हतं. हसू आलं की तिचा उजवा हात आपोआप वर जायचा, पदराचा काठ ओठांवर यायचा आणि त्या काठाआडून ती खळखळून हसायची. बायका म्हणायच्या, नवरा गेल्यापासून किती मर्यादेनं राहती बघा, आताच्या पोरींनी शिकावं. तुळजाबाई हे ऐकून घ्यायची. मर्यादा कसली नि काय! पदराआड वरचे चार आणि खालचे पाच असे नऊ दात उरले होते, तेही काळेठिक्कर, आणि त्यांच्या मुळाशी मिसरी भरलेली असायची. लोकांनी मान दिला, तिनं घेतला.

ही मिसरी तिला तिच्या आईनं लावून दिली होती. अकरा-बारा वर्षांची असताना दाढ ठणकायला लागली, तेव्हा आईनं आपल्या डबीतली चिमूटभर काढून दाढेत दाबली. दाढ गप झाली आणि डबी कायमची तिच्या कमरेला लागली. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, तळहातावर चुरायचं, पावडरच्या जुन्या डबीत भरायचं. उठल्याबरोबर एक बोट, दुपारी एक बोट. त्याबिगर तिचं डोकं चालायचं न्हाई आणि पोटही साफ व्हायचं न्हाई.

सून मीना घरात आली ती शहरातली, नवीन जालन्याची. बाप एका बियाणं कंपनीत शिपाई, पोरगी बारावी शिकलेली, बोलायला मऊ. यशश्री पोटात होती तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, त्या भाजण्याच्या वासानं मला मळमळतं. आणि लेकरासमोर तर नकोच ना." पुढं लेकरू झालं. पाचवीच्या दिवशी तुळजाबाईनं आपणहून त्या लालबुंद गोळ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चार बायकांसमोर म्हणाली, "आजपासून बंद. हिची आण." मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ती आण दीड महिना टिकली. मग डबी गोठ्यामागं गवऱ्यांच्या रचाईत गेली आणि तिथंच राहिली. यशू आता साडेपाच वर्षांची झाली होती, म्हणजे पाच वर्षं तुळजाबाई दिवसातून दोनदा गवऱ्या आणायच्या निमित्तानं गोठ्यामागं जात होती. एवढ्या गवऱ्या या घराला लागतात कशाला, हे मीनानं कधी विचारलं न्हाई. तंबाखू भाजायचा तो सून रानात गेल्यावर.

यंदा धावड्याच्या शिवारात घरटी कपाशीचा बियाणं प्लॉट होता. ज्याचं त्याचं क्रॉसिंग, म्हणजे फुलांचा हातानं संकर, त्याच दिवसांत आलं, मग मजूर मिळणार कुठून? मच्छिंद्र, म्हणजे तुळजाबाईचा मुलगा, आणि मीना दोघंच वीस गुंठ्यात वाकून राह्यले होते. दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळ्या हुडकायच्या, अंगठ्याच्या नखानं त्यांची साल उतरवून आतला नराचा भाग काढून टाकायचा, वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाचं फूल त्यावर फिरवायचं, की पांढरी टोपी. एक सांज चुकली तर दुसऱ्या दिवशीची सगळी फुलं वाया. दीड महिना असं, ताप असो का पाऊस. मीनाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं मधोमध चिरली होती, त्यात कपाशीचा चीक जाऊन काळ्या रेघा पडल्या होत्या. रात्रीची भाकरी मोडतानाही ती अंगठा वर धरून जेवायची.

क्रॉसिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिनं भोकरदनच्या बाजारातून एक लहान ब्रश आणला, दांड्यावर ससा असलेला, आणि सोबत पेस्टची नळी. न्हाणीच्या भिंतीतल्या खिळ्याला ब्रश अडकवून ती म्हणाली, "आत्याबाई, यशूच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसून राह्यला. सकाळी एकदा, झोपताना एकदा, दोन टाइम घासायचं. मी सातला जाते, सांजंला येते तर हात उचलत न्हाईत. हे तुमच्यावर हाय."

"बराबर करते. तू बिलकुल काळजी करू नको," तुळजाबाई म्हणाली. आणि खोटं कशाला बोला, तेव्हा ती मनापासूनच म्हणाली होती.

आठ दिवस तिनं घासलेही. लेकराला मांडीवर घेऊन, गाणं म्हणत म्हणत, समोरचे दात छान पांढरे करायची. नवव्या दिवशी ब्रश मागच्या दाढेला लागला आणि यशू किंचाळली. बोटाला कडकडून चावली आणि पळून गेली. दहाव्या दिवशी ब्रश दिसल्याबरोबर रडणं. तुळजाबाईला ते रडणं सोसवेना. एवढंसं लेकरू, आईबाप दिवसभर रानात, आणि आपण त्याला छळायचं? दुधाचे तर दात. आज न्हाई उद्या पडायचेच हायेत. तिनं गुळाचा खडा हातावर ठेवला, यशू गप झाली. तो खडा गालात धरूनच ती झोपून गेली.

सांजंला मीना येईल, ब्रश बघेल, म्हणून तुळजाबाईनं ब्रश नळाखाली धरला, झटकला आणि खिळ्याला लावला. नळीतून हरभऱ्याएवढी पेस्ट काढून मोरीत सोडली. मीना आली, हात-पाय धुताना तिचं बोट सहज त्या ब्रशवरून फिरलं. ओला होता. ती सासूकडं बघून थकलेलं हसली. त्या हसण्यानं तुळजाबाईच्या छातीत काहीतरी टोचलं, पण ते तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवसापासून ब्रश ओला करायचं कामच होऊन बसलं, दिवसातून दोनदा, न चुकता.

गूळ मात्र वाढला. अंगणवाडीतून आली की गुळाचा खडा, रडली की बिस्किटाचा पुडा, झोपताना पेपरमिंटची गोळी. काळ्या ठिपक्याचं भोक झालं. एका दुपारी ते असं ठणकलं, की यशू जमिनीवर लोळायला लागली. लवंग दाबून झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. प्लॉट कोसभर लांब. मीनाला बोलवावं तर ती येताक्षणी तोंडात बघणार, आणि बघितलं की ओल्या ब्रशचं सगळं उघडं पडणार. तुळजाबाई दारात उभी राहिली, आत आली, पुन्हा दारात गेली. मग ती गोठ्यामागं गेली.

"आ कर माझे बाय. जरासं कडू लागंल."

आईनं तिच्या दाढेत दाबली होती तश्शीच तिनं नातीच्या दाढेत दाबली. यशूनं तोंड वेडंवाकडं केलं, थुंकली, तिला एक उलटी झाली, डोळे फिरले.  पण घटकाभरानं ठणका थांबला होता आणि लेकरू घामाघूम होऊन मांडीवर झोपलं होतं. ती पदरानं वारा घालत बसली. यशू जागी झाल्यावर तिच्या कानाशी लागून म्हणाली, "आईला सांगू नको हं. आणि कुणी म्हणलं तरी तोंड उघडून दाखवायचं न्हाई. न्हाई तर आई आज्जीला रागावंल."

"न्हाई सांगत," यशू म्हणाली. पोर इमानी होती. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती स्वतःच गोठ्यामागं येऊन उभी राहायला लागली. "आज्जी, काळं लाव ना." लावून झालं की फ्रॉकचा घेर उचलून तोंडावर धरायची. तुळजाबाईनं ते बघितलं आणि बघितलं न्हाई असं केलं.

पण गाव बघतंच. अंगणवाडीच्या कांताबाईनं तिला एका दुपारी बोलावणं धाडलं. तुळजाबाई गेली तर व्हरांड्यात खिचडीच्या पातेल्याशी तीन-चार बाया बसलेल्या, आणि समोर पोरं घरघर खेळत होती. यशू सासू झाली होती. रुमालाचा पदर घेऊन ती एका कोपऱ्यात गेली, इकडंतिकडं बघितलं, विटेमागून एक झाकण काढलं, त्यातल्या मातीत बोट बुडवलं, दातांवरून गराग्गर फिरवलं, पिचकन थुंकली आणि पदर ओठांवर धरून हसली. हुबेहूब. बाया पोट धरून हसायला लागल्या.

"अगं, ही तर आपली तुळजाबाई," एक जण म्हणाली.

हसायला पाहिजे म्हणून तुळजाबाईनं हात वर नेला आणि तो अर्ध्यातच थांबला. सगळ्या जणी त्या हाताकडंच बघत होत्या. तिला कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी तिनं डोक्यावरचा पदर उगीचच सारखा केला.

कांताबाईनं तिला बाजूला घेतलं. "तपासणीचे डॉक्टर आल्ते काल. समद्या लेकरांनी तोंड उघडलं, तुमच्या यशूनं न्हाई उघडलं. दातखीळ बसल्यावानी. आणि तुळजाबाई, रागावू नका, पण लेकराच्या तोंडाला तंबाखूचा वास येऊन राह्यला."

"माझ्या लुगड्याचा असंल," तुळजाबाई म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं, की आपण हे काय बोलून बसलो.

कांताबाई "मीनाच्या कानावर घाला," एवढंच म्हणाली. तुळजाबाई नातीचं बोट धरून घरी आली. वाटेत तिला यशूचा राग आला, मग कांताबाईचा आला, घर येईस्तोवर मात्र दुसऱ्या कुणाचा राग उरला न्हाई. त्या दिवशी तिनं मिसरी लावली न्हाई, ना स्वतःला ना नातीला. संध्याकाळी लेकरू कळवळायला लागलं तशी गुपचूप लावली.

मंगळवारी सकाळी यशू उठली ती डावा गाल भाकरीच्या गोळ्यासारखा घेऊन. मीना दारात निघालेली, डोक्याला रुमाल बांधलेला. ती मागं फिरली.

"आत्याबाई, हे काय झालं?"

"गालगुंड असंल," तुळजाबाई म्हणाली. तिचं तोंड तिच्या आधी बोललं. "अंगणवाडीत दोघा-तिघांना झालंय. मी लेप घालते. तू जा, फुलं वाट बघत न्हाईत."

मीना अडखळली. बाहेर मच्छिंद्रनं गाडी चालू केली होती. "लेप बराबर घाला," म्हणून ती गेली. तुळजाबाईनं गेरू उगाळून गालावर थापला, दुखणं आत दाढेत आणि लेप वर गालावर, तो घालतानाच तिला स्वतःची किळस आली. बुधवारी गाल तकतकायला लागला, डोळा बारीक झाला. बुधवारीही गालगुंडच होतं. गुरुवारी अंग असं भाजत होतं, की मीनानं कपाळावर हात ठेवला आणि डोक्याचा रुमाल सोडून खुंटीला टाकला.

"तुमी एकटे जा," ती नवऱ्याला म्हणाली.

मच्छिंद्रनं एकदा प्लॉटाच्या दिशेनं बघितलं. "एकट्यानं किती होईल?"

"जेवढी होतील तेवढी. मी भोकरदनला चालले. आत्याबाई, चला, तुमच्याबिगर ती राहायची न्हाई."

एस्टीत यशूचं डोकं आजीच्या मांडीवर होतं. तापलेल्या गालाची धग लुगड्यातून आत येत होती. मीना खिडकीशी बसून चिरलेलं नख दातानं कुरतडत होती. एकदा ती म्हणाली, "माझंच चुकलं. मंगळवारीच आणायला पाहिजे होती. कामापायी लेकराकडं बघितलं न्हाई." तुळजाबाईच्या घशापर्यंत शब्द आले. पुढच्या फाट्याला सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. फाटा आला, चार माणसं उतरली, दोन चढली, गाडी सुटली. मग उतरल्यावर सांगू, असं ठरवलं. भोकरदनचा स्टँड आला तरी ती गप्पच होती.

दातांची डॉक्टरीण तरुण होती, कल्याणीताई म्हणत होते तिला तिथले लोक. खोली लहान, मधे मोठी खुर्ची, वर दिवा. यशूला खुर्चीत बसवलं आणि तिनं फ्रॉकचा घेर तोंडावर घेतला.

"बघू बरं बाळा, मोठ्ठा आ कर."

यशूनं मान हलवली.

"किती दिवस सूज आहे?"

"आज तिसरा," मीना म्हणाली. "आम्हाला गालगुंड वाटलं."

आम्हाला, असं म्हणाली ती. तुळजाबाई दाराशी उभी होती, तिच्यापर्यंत तो शब्द बरोबर पोचला.

डॉक्टरणीनं गालाला बाहेरूनच हात लावला. "गालगुंड नाही हे. दाढ किडून आत पू झालाय. दात घासता का रोज?"

"घासते ना मॅडम, दोन टाइम." मीनाच्या आवाजात जरा कड आली. "आमच्या आत्याबाई स्वतः घासून देतात. मी रोज बघते, ब्रश ओला असतो."

तुळजाबाईला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून निघावं, स्टँडवर जाऊन बसावं, कुठल्याही गाडीत चढावं.  ही पोरगी डॉक्टरणीसमोर आपल्यासाठी भांडत होती, आणि कशाच्या जोरावर, तर एका ओल्या ब्रशच्या.

पुढं एक घटका डॉक्टरीण आणि मीना, दोघींनी यशूची विनवणी केली. चॉकलेट दाखवलं, आरसा हातात दिला. मीनानं हनुवटी धरून ओढून बघितलं, यशू दात आवळून फुंदत राहिली. शेवटी मीनानं चापट उगारली, आणि ती खाली यायच्या आधीच स्वतः रडकुंडीला आली.

"मारू नका," डॉक्टरीण म्हणाली. "हा पू आजच काढायला हवा, डोळ्याकडं सरकतोय. तोंड नाहीच उघडलं तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, भूल देऊन करतील. पण तापात एवढ्या लहान मुलीला भूल द्यायची म्हणजे..." 

यशूनं सुजल्या डोळ्यानं दाराकडं बघितलं. ते बघणं तुळजाबाईला लख्ख कळलं. मी सांगितलं न्हाई, आज्जी. एवढा ताप, एवढा ठणका, आई मारायला उठली, तरी पोरीनं तोंड बंद ठेवलं होतं, ते आजीसाठी. ती कधीच सांगणार नव्हती. तुळजाबाई गप राहिली असती तर कुणालाच काही कळलं नसतं.

"तिला नका दटावू," ती म्हणाली. "तिची काही चूक न्हाई. मीच सांगितलं तिला, तोंड उघडू नको म्हणून."

"काय म्हणता आत्याबाई?"

"आधी मला बसवा त्या खुर्चीत."

कुणाला काही उमजायच्या आत तिनं यशूला उचलून मीनाकडं दिलं आणि स्वतः चढून बसली. खुर्ची मागं झुकली तसे पाय वर आले, झिजलेल्या चपला हवेत. डोक्यावरचा पदर घसरला. तिनं तो ओढला न्हाई. उलट खांद्यावरून काढून कमरेला खोचला, आणि इतक्या वर्षांत ज्या तोंडाचं दार कुणासमोर उघडलं नव्हतं ते दिव्याखाली सताड उघडलं.

वास सगळ्या खोलीत पसरला. डॉक्टरणीच्या तोंडाला फडकं होतं, मीनाच्या न्हाई. मीना एक पाऊल मागं सरली. तुळजाबाईनं ते पाऊल डोळ्यांच्या कडेनं बघितलं आणि तोंड मिटलं न्हाई. डॉक्टरणीचं बघून झाल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. वर दिव्याकडं बघतच सांगितलं, मीनाकडं बघणं तिला जमलं नसतं. मिसरी कधी सुटलीच न्हाई. डबी गवऱ्यांत असती. ब्रश मी नुसता भिजवत होते. पेस्ट मोरीत सोडत होते. गूळ मी दिला. दाढ दुखली तर मिसरी दाबली, एकदा न्हाई, रोजच. गालगुंड मी म्हणले, मला ठावं होतं ते गालगुंड न्हाई. तिचा आवाज कुठंच फुटला न्हाई, फक्त शेवटी म्हणाली, "संपलं. एवढंच हाय."

 मीनाच्या कडेवरून यशू वाकून बघत होती.

"आज्जी, तुझे तर सगळेच काळे हायेत," ती म्हणाली. "तुला दुखत न्हाई?"

"दुखायचं. आता काही कळत न्हाई. तू उघड बाई. माझ्यावानी होऊ देऊ नको."

"तू हात धर मंग."

यशू खुर्चीत बसली, आजीचं बोट धरलं आणि तोंड उघडलं. सुई टोचली तेव्हा तिनं ते बोट पिळवटून टाकलं, पण तोंड मिटलं न्हाई. पू निघाला, रक्त आलं, मीनानं तोंड फिरवलं. तुळजाबाईनं मात्र सगळं बघितलं, आपण केलेलं आपणच बघावं म्हणून.

डॉक्टरणीनं नंतर आरसा धरून दाखवलं. "दुधाचे म्हणून सोडून देता तुम्ही लोक. पण या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. आणि ही बघा, अगदी मागची. ही दुधाची नाहीच, पक्की आहे, आत्ताच उगवतेय. जन्मभर पुरायची आहे ही. गूळ-गोळ्या तोंडात ठेवून झोपवलं तर हीसुद्धा जाईल." गोळ्या, औषध लिहून देऊन तिनं मीनाला पुन्हा एकटीला आत बोलावलं. तुळजाबाई बाहेर बाकड्यावर झोपलेल्या नातीला घेऊन बसली. मीना बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आणखीच उतरला होता.

परतीच्या एस्टीत मीनानं यशूला स्वतःच्या मांडीवर घेतलं. तुळजाबाई मागच्या सीटवर बसली. अर्ध्या वाटेत मीना समोर बघतच म्हणाली, "लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होता तुमी."

"हो."

धावडा आला तशी मीना यशूला घेऊन पुढं निघून गेली.

शुक्रवारपासून मीना यशूला प्लॉटावर न्यायला लागली. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, सोबत औषधाची बाटली आणि सशाचा ब्रश. खिळा रिकामा झाला. घरात तुळजाबाई एकटी. तिनं डबी गवऱ्यांतून काढली आणि उकिरड्यावर नेऊन पालथी केली. मिसरी लगेच सुटली असं सांगितलं तर ती थाप होईल. डोकं ठणकायचं, हात कापायचे, एका दुपारी ती उकिरड्यापाशी जाऊन उभी राहिली, डबी उचलली, आत बोट फिरवलं. बोटाला काही लागलं न्हाई. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती तिथंच खाली बसली.

रविवारी कांताबाई भेटली. तिच्याच्यानं राहवलं न्हाई. "सांजंला गल्लीत यशू समद्यांना दाढ दाखवून राह्यली. म्हणती, आधी माझी आज्जी खुर्चीत बसली, तिचे नऊच दात हायेत."

म्हणजे गावाला आकडासुद्धा माहीत झाला होता. "नऊच हायेत," तुळजाबाई म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती अंगण झाडत होती. गालाची सूज उतरली होती. मच्छिंद्र गाडी पुसत होता, आपापल्या प्लॉटावर निघालेल्या गल्लीतल्या दोन बाया डोक्याला रुमाल बांधून मीनाची वाट बघत उभ्या होत्या. मीना आतून आली, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल. ब्रश तिनं तुळजाबाईच्या पुढं धरला.

"लेकरू दिवसभर उन्हात राहून राह्यलं. आजपासून घरीच ठेवते. घासा, माझ्यासमोर."

तुळजाबाईनं खराटा ठेवला, हात धुतले, यशूला मांडीवर घेतलं. दुखऱ्या बाजूनं हळू, मागच्या नव्या दाढेपर्यंत.  गाणं म्हणायचं सुचलं न्हाई. झाल्यावर मीनानं मोबाइलची बॅटरी लावली, यशूची हनुवटी उचलून आत बघितलं, वर, खाली, मागं. बायांना घाई होती, तरी तिनं घाई केली न्हाई.

"बरोबर हाय," ती म्हणाली. मग मोबाइल न विझवता वळली. "आता तुमी, आत्याबाई."

"मी?"

"तुमच्या खालच्या ओठाच्या आतून पांढरा चट्टा हाय. मिसरी धरता तिथंच. डॉक्टरीणबाईनं मला आत बोलावून सांगितलं. रोज बघा म्हणाल्या, पंधरा दिवसांत गेला न्हाई तर जालन्याला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. पाच दिवस मी बोलले न्हाई, मला राग होता. आताही हाय." तिचा आवाज जरा हलला. "आ करा."

बाया बघत होत्या. मच्छिंद्रचा फडका थांबला. तुळजाबाईचा उजवा हात सवयीनं वर गेला, पदराच्या काठापर्यंत पोचला. तिथं तो क्षणभर राहिला.

"आज्जी, मी धरते बॅटरी," यशू म्हणाली आणि तिनं आईच्या हातातून मोबाइल घेतला.

तुळजाबाईनं हात खाली घेतला, गल्लीकडं तोंड करून अंगणात बसली आणि आ केला. मीनानं चिरल्या नखाच्या अंगठ्यानं तिचा ओठ हळूच खाली ओढला.